हेपटायटिस बी : तपासायचा डीएनए कोणाचा?

रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा शेरा आला की डॉक्टर पुढची चाचणी लिहून देतात, ‘एचबीव्ही डीएनए क्वांटिटेटिव्ह’. चिठ्ठीवरचा ‘डीएनए’ हा शब्द वाचला की घरात पहिली शंका येते ती आजार खानदानी असल्याची. आईला निघाला, मग मोठ्या भावाला निघाला, म्हणजे रक्तातच आहे, असा निष्कर्ष निघतो. तिथून चर्चा बहिणीच्या लग्नावर आणि सुनेच्या माहेरावर जाते. औषधोपचाराचा विषय बाजूलाच राहतो.

प्रत्यक्षात या चाचणीत रुग्णाच्या डीएनएला कोणी हातही लावत नाही. त्याच्या रक्तात फिरणाऱ्या विषाणूचा डीएनए मोजला जातो. एकाच घरात तीन जण बाधित निघतात ते वारशामुळे नव्हे, संसर्गामुळे. बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला, लहानपणी भावंडांमध्ये उघड्या जखमांतून, एकच वस्तरा किंवा दात घासण्याचा एकच ब्रश वापरल्याने, न उकळलेल्या सुईतून आणि असुरक्षित शरीरसंबंधातून हा विषाणू पसरतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा एका ताटात खाल्ल्याने तो पसरत नाही. ‘जनुकीय’ या शब्दाने होणारा हा गोंधळ आधी दूर करणे गरजेचे आहे, कारण गेल्या काही वर्षांत या आजाराच्या उपचाराचा सगळा रोख विषाणूच्या जनुकीय चाचणीकडे वळला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोक दीर्घकालीन हेपटायटिस बी घेऊन जगत होते आणि त्या एका वर्षात ११ लाख लोक या आजाराने दगावले. बाधितांपैकी निदान झालेले होते जेमतेम १३ टक्के आणि उपचार मिळत होते सुमारे तीन टक्क्यांना. भारतातील बाधितांची संख्या याच अहवालात सुमारे तीन कोटी धरली आहे. चीनखालोखाल हा दुसरा क्रमांक. क्षयरोग किंवा एचआयव्हीइतकी याची चर्चा होत नाही, कारण हा आजार दिसत नाही. आपल्याकडे कावीळ म्हणजे पिवळे डोळे, पिवळी लघवी आणि त्यावर गळ्यात माळ किंवा नाकात थेंब, असे समीकरण आहे. दीर्घकालीन हेपटायटिस बीमध्ये बहुसंख्य रुग्णांचे डोळे वर्षानुवर्षे पांढरेशुभ्र राहतात. पिवळे होतात तेव्हा बऱ्याचदा यकृत आकसलेले असते.

विषाणू आहे मात्र अगदी छोटा. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, याच्यात जेमतेम ३,२००. एवढ्या जागेत काम भागावे म्हणून त्याची जनुके एकमेकांवर चढलेली आहेत. एकच मजकूर तो वेगवेगळ्या अक्षरापासून वाचून वेगवेगळी प्रथिने बनवतो. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात नेतो आणि त्याचे मिटलेले, पक्के कडे तयार करतो. हे कडे म्हणजे विषाणूच्या कारखान्याचा मूळ साचा. सध्याच्या गोळ्या नव्या प्रती छापणे थांबवतात, पण हा साचा तसाच राहतो. शिवाय विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे माणसाच्या स्वतःच्या गुणसूत्रांत जाऊन चिकटतात. यकृताच्या कर्करोगाची एक वाट तिथून निघते. पुढचे बरेच प्रश्न या दोन गोष्टींतून सुटतात, म्हणून त्या लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

एचबीएसएजी चाचणी विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन शोधते. घरात कोणीतरी आहे एवढे ती सांगते. तो किती कामात आहे, हे डीएनए चाचणी सांगते. पीसीआर तंत्राने एका मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत ते मोजतात आणि आकडा ‘आययू प्रति मिलि’ या एककात देतात. तो दहापासून कोट्यवधींपर्यंत कितीही असू शकतो. म्हणून अहवालात शेजारी ‘लॉग’ नावाचा दुसरा आकडा असतो. तीन लॉग म्हणजे हजार, सहा लॉग म्हणजे दहा लाख. एका लॉगचा फरक दहापटीचा. मागच्या वेळी ४,००० होते, या वेळी ६,००० झाले म्हणून धसका घेणारे रुग्ण अनेक असतात, पण लॉगमध्ये पाहिले तर हा फरक नगण्य आहे. एवढी घटबढ चाचणीच्या स्वाभाविक चढउतारात मोडते. चार हजारांचे चार लाख झाले, तर मात्र काहीतरी घडले आहे.

हा आकडा महत्त्वाचा ठरला तो तैवानमधील एका अभ्यासामुळे. तिथल्या ३,६५३ बाधितांवर संशोधकांनी दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तात विषाणूचा डीएनए जितका जास्त, तितका पुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे त्यात दिसले. ज्यांचे एसजीपीटी सुरुवातीला सामान्य होते, त्यांच्यातही हा संबंध टिकून होता. तोवर ‘लिव्हर फंक्शन नॉर्मल आहे ना, मग चिंता नको, सहा महिन्यांनी या’ हा सल्ला सर्रास दिला जाई. तो सल्ला किती अपुरा आहे, हे या अभ्यासाने उघड केले. धोका वाढू लागण्याची पातळी तेव्हाच्या मापात दहा हजार प्रती होती, म्हणजे आजच्या एककात साधारण २,०००.

तरीही उपचाराचे नियम बराच काळ कडक राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सिरॉसिस नसलेल्या रुग्णांसाठी डीएनए २०,००० च्या वर, एसजीपीटी सतत वाढलेले आणि वय तिशीपुढे, अशी अट ठेवली होती. त्या चाळणीतून आठ ते पंधरा टक्केच रुग्ण उपचारासाठी पात्र ठरत. मार्च २०२४ मध्ये संघटनेने हे नियम बदलले. आता डीएनए २,००० च्या वर आणि एसजीपीटी वरच्या मर्यादेपलीकडे असेल तर गोळ्या सुरू करायच्या. यकृतात लक्षणीय कडकपणा असेल तर डीएनए कितीही असो, उपचार द्यायचे. सोबत एचआयव्ही, हेपटायटिस सी किंवा डेल्टा असेल, मधुमेह किंवा यकृतातील चरबी असेल, कुटुंबात यकृताचा कर्करोग होऊन गेला असेल, तरीही द्यायचे. या बदलाने निम्म्याहून अधिक बाधित उपचाराच्या कक्षेत येतील, असा संघटनेचा अंदाज आहे.

यातली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एसजीपीटीची वरची मर्यादा संघटनेने पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा अहवालावर ४०, कधी त्याहून वरचा आकडा छापतात. एखाद्या बाईचे एसजीपीटी ३४ असेल, तर कागदावर ते ठळक अक्षरात येत नाही आणि ‘नॉर्मल’ म्हणून घडी घालून ठेवले जाते. नव्या निकषाने ते वाढलेले आहे.

नियम सैल झाले तशी डीएनए चाचणीची गरज वाढली, आणि इथेच भारतातली अडचण सुरू होते. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात हेपटायटिस बी आणि सीचे निदान व औषधे मोफत आहेत. योजना चांगली आहे. पण एचबीएसएजीची पट्टी गावपातळीवर, तर डीएनएचे यंत्र बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. रुग्णाने एकदा पट्टीसाठी यायचे, मग डीएनएसाठी लांबच्या शहरात जायचे, मग अहवाल घ्यायला, मग डॉक्टरांना दाखवायला. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या फेरीनंतर यायचा थांबतो. काही दुखत नसताना चार दिवसांची मजुरी कोण बुडवेल? खासगी प्रयोगशाळेत हीच चाचणी काही हजार रुपयांना पडते.

यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. क्षयरोगासाठी तालुक्यातालुक्यात पोहोचलेली जीनएक्स्पर्ट आणि गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही यंत्रे मुळात जनुकीय चाचणीचीच यंत्रे आहेत. कोविडच्या काळात त्यांच्यावरच करोनाच्या चाचण्या झाल्या. या दोन्ही यंत्रांसाठी हेपटायटिस बीचा डीएनए मोजणारे संच उपलब्ध आहेत आणि अहवाल त्याच दिवशी हाती येऊ शकतो. यंत्र आहे, वीज आहे, तंत्रज्ञही आहे, पण ते एका कार्यक्रमाच्या खात्यावर आहे आणि संच दुसऱ्या कार्यक्रमाने विकत घ्यायचा आहे. हा प्रश्न विज्ञानाचा नाही, दोन फायलींचा आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आल्यावर त्याच रक्ताच्या नमुन्यावर आपोआप डीएनए चाचणी करावी, रुग्णाला पुन्हा बोलावू नये, अशी शिफारसही २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

डीएनए चाचणी मिळत नाही म्हणून उपचार अडवून ठेवणे मात्र चूक आहे, आणि ही चूक सर्रास होते. चाचणीची सोय नसेल तर एसजीपीटी सतत वाढलेले असणे एवढ्यावरही औषध सुरू करता येते, असे नवे नियम स्पष्ट सांगतात. यकृत कितपत कडक झाले आहे याचा अंदाज एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन स्वस्त आकड्यांवरून काढता येतो. हा हिशोब ग्रामीण रुग्णालयातही कागदावर होतो. सूत्र सोपे आहे. एसजीओटीला त्याच्या सामान्य कमाल मर्यादेने भागायचे, मग हजारांतल्या प्लेटलेटच्या आकड्याने भागायचे आणि शंभराने गुणायचे. उत्तर ०.५ च्या वर आले, तर प्रौढ रुग्णाला उपचाराची गरज असल्याचे धरायचे.

जनुकीय तपासणीचा दुसरा प्रकार विषाणूची मोजदाद न करता त्याची अक्षरे वाचण्याचा. त्याचे महत्त्व भारताला फार वाईट पद्धतीने कळले. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधील तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात हेपटायटिस बीची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले आणि मृत्यूचे प्रमाण इतके होते की सगळेच चक्रावले. प्रौढांमध्ये नव्याने झालेला हेपटायटिस बी सहसा आपोआप बरा होतो, त्यातून मृत्यू क्वचित होतात. इथे तसे होत नव्हते. मूळ कारण साधे आणि लाजिरवाणे होते. दवाखान्यांत त्याच त्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या. पण एवढे लोक दगावले का, याचे उत्तर शोधताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुके वाचली. त्यात ‘प्रीकोअर’ आणि ‘कोअर प्रमोटर’ या भागांतील बदल मृत्यूंशी निगडित असल्याचे आढळले.

या प्रीकोअर बदलाची गंमत, खरे तर धोका, असा की विषाणू ‘ई अँटिजेन’ नावाचे प्रथिन बनवणेच बंद करतो, पण स्वतःच्या प्रती काढणे चालू ठेवतो. पूर्वी डॉक्टर ई अँटिजेन निगेटिव्ह आले की विषाणू थंडावला असे समजत. भारतात ‘डी’ जनुकप्रकार बराच आढळतो आणि त्यात हा बदल सहज होतो. म्हणजे ज्या भागात ई अँटिजेनवर विसंबणे सर्वांत धोक्याचे, त्या भागातच स्वस्त म्हणून तीच चाचणी केली जात होती. खात्री करायची तर डीएनए मोजण्याला पर्याय नाही.

मग प्रत्येक रुग्णाच्या विषाणूची अक्षरे वाचावीत का? तर नाही. हेपटायटिस बीचे ‘ए’ ते ‘जे’ असे दहा जनुकप्रकार मानले जातात. भारतात प्रामुख्याने ‘ए’ आणि ‘डी’, पूर्वेकडे ‘सी’ही आढळतो. ‘सी’मध्ये कर्करोगाचा धोका जास्त दिसतो, ‘ए’मध्ये इंटरफेरॉनची इंजेक्शने तुलनेने बरी लागू पडतात. पण आज बहुतेक रुग्णांना टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची गोळी दिली जाते आणि ती सगळ्या प्रकारांवर चालते. इंटरफेरॉनचा विचार नसेल, तर जनुकप्रकार कळल्याने रुग्णाच्या चिठ्ठीत एकाही अक्षराचा फरक पडत नाही. तरी काही ठिकाणी तो ‘पॅकेज’मध्ये घातलेला दिसतो. तेवढ्या पैशांत दोन वर्षांच्या सोनोग्राफी कदाचित होतील.

औषधाला दाद न देणारे बदल शोधणारी चाचणी मात्र निवडक रुग्णांत खरोखर उपयोगी आहे. लॅमिव्ह्युडिन हे जुने औषध एकटे दिले तर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला जुमानेनासा होतो. एचआयव्ही आणि हेपटायटिस बी दोन्ही असलेल्या ज्या रुग्णांना जुन्या औषधयोजनेत टेनोफोव्हिर नव्हते, त्यांच्या हेपटायटिस बीवर वर्षानुवर्षे फक्त लॅमिव्ह्युडिनचा मारा होत राहिला. अशांना नंतर एन्टेकॅव्हिर दिले तर तेही लवकर निकामी ठरते, टेनोफोव्हिर लागते. टेनोफोव्हिरच्या बाबतीत असा प्रतिरोध फारच विरळा. म्हणून ते घेणाऱ्याचा डीएनए अचानक वाढला, तर महागडी चाचणी लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न एकच : गोळी रोज घेता का?

गोळी सोडण्यामागे बऱ्याचदा डीएनए चाचणीच असते, हा यातला विचित्र भाग. वर्षभराने अहवाल येतो, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. रुग्ण म्हणतो, गेला विषाणू. गोळ्या बंद होतात. पण रक्तातून दिसेनासा झाला तरी केंद्रकातला साचा जागेवर असतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत छपाई पुन्हा सुरू होते आणि खवळलेली प्रतिकारशक्ती यकृतावर तुटून पडते. आधीच सिरॉसिस असेल तर हा झटका जिवावर बेततो. अहवालातल्या या तीन इंग्रजी शब्दांखाली ‘औषध चालू ठेवा’ असे मराठीत छापले, तर काही जीव नक्की वाचतील. त्याचप्रमाणे, गुणसूत्रांत चिकटलेले तुकडे गोळीने जात नाहीत, त्यामुळे डीएनए शून्य असला तरी सिरॉसिस असलेल्यांनी आणि कुटुंबात कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नसते.

आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांचाही असाच गैरसमज होतो. कोकणातून तिकडे जाणारे अनेक जण डीएनए शून्य असल्याचा अहवाल घेऊन वैद्यकीय तपासणीला जातात. तिथे पाहिले जाते ते एचबीएसएजी, आणि ते बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. ज्याच्यापासून संसर्गाची शक्यता जवळपास उरलेली नाही, त्यालाही अपात्र ठरवणारा हा नियम विज्ञानाला धरून नाही. आपल्याकडेही एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याने भेदभावापासून संरक्षण दिले, हेपटायटिस बीबाधितांसाठी तसा कायदा नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांचे काय? त्यावर संशोधन आहे आणि ते रंजक आहे. विषाणू यकृताच्या पेशीत ज्या दारातून शिरतो, ते ‘एनटीसीपी’ नावाचे प्रथिन बीजिंगमधील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये शोधले. या दाराच्या जनुकात एक विशिष्ट बदल असलेल्या पूर्व आशियाई लोकांना संसर्ग कमी होतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रतिकारशक्तीच्या ‘एचएलए-डीपी’ जनुकांतील फरक दीर्घकालीन आजाराशी जोडून दाखवले. पण यापैकी कशानेही आज एकाही रुग्णाचा उपचार बदलत नाही. लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमच्या यकृताचे जनुकीय भविष्य’ सांगणारे अहवाल हेपटायटिस बीपुरते तरी कामाचे नाहीत.

औषधांच्या संशोधनातही विषाणूची जनुकेच लक्ष्य आहेत. विषाणूच्या आरएनएला चिकटून त्याचा नायनाट करणारे बेपिरोव्हिर्सेन हे इंजेक्शन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवडे दिले गेले. सर्वाधिक मात्रा मिळालेल्यांपैकी नऊ-दहा टक्के रुग्णांत औषध थांबवल्यावर पुढचे २४ आठवडे एचबीएसएजी आणि डीएनए दोन्ही सापडले नाहीत. आकडा लहान वाटतो, पण सध्याच्या गोळ्यांनी एचबीएसएजी जाण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्या आसपास आहे. ज्यांचे एचबीएसएजी मुळातच कमी, त्यांना फायदा जास्त झाला.

डीएनएच्या आकड्याने सर्वांत घाईचा निर्णय करायचा असतो तो गर्भवतीच्या बाबतीत. बाळाला जन्मतः संसर्ग झाला तर तो कायमचा होण्याची शक्यता ९० टक्के असते, प्रौढाला झाला तर पाच टक्क्यांहून कमी. आईच्या रक्तातला डीएनए दोन लाखांच्या वर असेल, तर केवळ लस बाळाला पूर्ण वाचवू शकत नाही. म्हणून प्रसूतीच्या काही महिने आधीपासून तिला टेनोफोव्हिर देतात. ते गर्भारपणात आणि अंगावर पाजतानाही सुरक्षित मानले जाते. सातव्या महिन्यात पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल बाळंतपणानंतर आला, तर तो फक्त फायलीत लावायच्या कामाचा. डीएनए किंवा ई अँटिजेन, दोन्ही चाचण्या मिळत नसतील तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या सर्वच गर्भवतींना गोळी देता येईल, अशी मुभा २०२४ च्या नियमांत आहे. बाळाला मात्र कोणत्याही अहवालाची वाट न पाहता लशीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. राष्ट्रीय लसीकरणात तो मोफत आहे. आई बाधित असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते. प्रसूती शनिवारी रात्री झाली आणि लशीचा फ्रिज सोमवारी उघडणार असेल, तर ही २४ तासांची मुदत टळते.